यादीतल्या शेवटच्या नावांसाठी

तालुका स्पर्धेच्या प्रवेशिका भरायचे दिवस आले की शाळेच्या क्रीडा शिक्षकाला एक यादी करावी लागते. खो-खोत नऊ जण मैदानात उतरतात, कबड्डीत सात. त्यांची नावं बहुतेक आधीच ठरलेली असतात आणि साऱ्या शाळेला ठाऊकही असतात. त्यांच्याखाली राखीव म्हणून आणखी काही नावं जातात. त्यांच्याही मागे पाच-सात मुलं उरतात, जी रोज सरावाला येतात पण कुठल्याच कागदावर येत नाहीत. हा लेख राखीव आणि त्यामागच्या मुलांबद्दल आहे. त्यांच्या शिक्षकांसाठी आणि आई-वडिलांसाठी आहे, आणि शेवटी थोडा त्या मुलांसाठीही आहे.

या मुलांशी आपण बहुतेक दोनच तऱ्हांनी वागतो. एक म्हणजे त्यांना पाण्याची कॅन, पिशव्या आणि टाळ्या यांवर नेमायचं. दुसरी तऱ्हा मायेची असते: पाठीवर हात ठेवून ‘भाग घेणं महत्त्वाचं’, ‘पुढच्या वर्षी बघू’ असं म्हणायचं. दुसरी तऱ्हा बरी दिसते, पण दोन्हीतून मुलाच्या हाती काहीच लागत नाही. कच्च्या खेळाडूला दिलाशाची गरज फार थोडी असते. त्याला सरावात असं काम हवं की ज्यावाचून दुसऱ्याचं अडेल, आणि आपण गेल्या आठवड्यापेक्षा पुढे सरकलो की नाही हे त्याचं त्यालाच कळेल असं माप हवं. या दोन गोष्टी मिळाल्या की मूल वाढतं. पहिल्या नऊ जणांत आलं तर उत्तम, नाही आलं तरी वाढतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर याला रोकडं कारणही आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. जुलै पावसात जातो. काळ्या जमिनीचं मैदान एकदा भिजलं की दोन-दोन दिवस पाय रोवू देत नाही. तोवर तालुक्याच्या तारखा येतात, मग जिल्हा, मग अमरावती विभाग. मध्येच सोयाबीनची सोंगणी निघते आणि चांगला पळणारा मुलगा चार दिवस शेतात जातो. एखादी मुलगी तापाने पडते, एखाद्याचा घोटा मुरगळतो. अशा वेळी दहाव्या-अकराव्या नंबरच्या मुलाला अचानक उतरवावं लागतं, आणि तेव्हा त्याने वर्षभर फक्त पाणी वाटलेलं असेल तर संघ तिथेच अडतो. घाटावरच्या असोत की घाटाखालच्या, ज्या शाळा वर्षानुवर्षं टिकून खेळतात त्यांच्याकडे नीट पाहा. त्यांचा नववा आणि बारावा खेळाडू यांच्यातलं अंतर थोडं असतं.

कच्चा म्हणजे नेमका कसा कच्चा?

उपाय सुरू करण्याआधी कारण शोधायला हवं. ‘जमत नाही’ या दोन शब्दांखाली आपण फार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र ढकलतो.

सर्वांत आधी जन्मतारीख पाहा. शालेय स्पर्धांचे गट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे असतात आणि वय ३१ डिसेंबरला धरून मोजतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुलं एकाच गटात येतात. तेरा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, पायांतली ताकद आणि छातीतला दम या सगळ्यांत फरक. कॅनडात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये बर्फावरच्या हॉकीतल्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. गुण अंगात होते म्हणून नव्हे. लहानपणी निवडीच्या वेळी ती मुलं थोराड होती म्हणून त्यांना जागा मिळाली, जागा मिळाली म्हणून सराव मिळाला, आणि सरावाने ती खरोखरच पुढे गेली. नंतर अनेक देशांत आणि अनेक खेळांत हाच प्रकार आढळला. आपल्या तालुक्याच्या मैदानावरही तो घडत असणार, फक्त आपण मोजत नाही.

त्यात वाढीचा झपाटा प्रत्येकाचा वेगळ्या वेळी येतो. मुलींचा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांचा चौदाव्याच्या आसपास, आणि यात वर्ष-दोन वर्षांचा मागेपुढे फरक अगदी स्वाभाविक आहे. सोयाबीनच्या ओळींमध्ये पेरलेली तूर ऑगस्टात नजरेत भरत नाही. सोयाबीन निघून गेल्यावर ती पसरते. चौदा वर्षांखालच्या संघात मागे राहिलेली कित्येक मुलं या तुरीसारखी असतात. म्हणून एक साधी सोय करा. व्यायामशाळेच्या किंवा वर्गाच्या भिंतीवर पट्टी आखून दर तीन महिन्यांनी सगळ्यांची उंची लिहून ठेवा. ज्याची उंची एकदम वाढू लागली आहे त्याचं पळणं काही महिने विस्कळीत होतं, पाय त्याच्या ऐकण्यात राहत नाहीत. त्या काळात त्याला ‘आळशी’ म्हणू नका आणि त्याच्यावर उड्यांचा भार टाकू नका. ज्याची उंची अजून हललेलीच नाही, त्याच्याकडून ताकदीची नव्हे, कौशल्याची अपेक्षा धरा.

दुसरं कारण पोटात असतं. शाळेतली खिचडी दुपारी होते, सराव शाळा सुटल्यावर. मधल्या वेळात अनेक मुलांनी काहीच खाल्लेलं नसतं. मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे आणि गुळाचा खडा एवढं सरावाआधी पोटात गेलं, तरी शेवटच्या अर्ध्या तासात फरक दिसतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. तुमच्या संघात दोन फेऱ्यांतच धाप लागणारी, खाली बसणारी मुलगी ‘कमजोर’ नसून आजारी असू शकते. तिला ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ती खरंच घेते की दप्तरात ठेवते, हे बाईंनी प्रेमाने विचारावं. गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून मुली टाळतात. जेवणानंतर दिली की टाळणं कमी होतं.

तिसरं कारण एसटी. बाहेरगावाहून येणाऱ्या मुला-मुलींची शेवटची सोयीची गाडी सरावाच्या मध्यावरच सुटते. ते रोज अर्धा सराव करतात आणि आपण त्यांची तुलना गावातल्या मुलांशी करतो. इथे खेळाडू नव्हे, वेळापत्रक कच्चं आहे. सकाळी शाळा भरण्याआधीचा पाऊण तास धरा किंवा सरावाचा क्रम उलटा करा: महत्त्वाचं कौशल्य आधी, पळण्याच्या फेऱ्या शेवटी. गाडीच्या मुलांच्या फेऱ्या बुडाल्या तरी चालतील, खो द्यायला शिकणं बुडता कामा नये.

हे सगळं तपासून झाल्यावर जो उरतो, तो कौशल्यात किंवा धीरात कच्चा. त्याच्यासाठी पुढचं.

माप त्याचं त्याच्याजवळ

बुलढाण्यात माप म्हणजे काय हे समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. प्रथमेश जावकर हा आपल्या बुलढाण्याचाच तिरंदाज. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. तिरंदाजीची पात्रता फेरी ७२ बाणांची असते, कंपाउंडमध्ये ५० मीटरवरून, कमाल ७२० गुण. पहिल्या दिवशी धनुष्य धरलेल्या मुलाचेही आणि विश्वविजेत्याचेही गुण कागदावरच्या गोलांवरूनच मोजतात. आज किती झाले, मागच्या शनिवारी किती होते, हे मुलाला कुणाला विचारावं लागत नाही. संघात शेवटचा असलेला मुलगाही घरी जाताना ‘आज अकरा गुण वाढले’ असं म्हणू शकतो.

त्याच खेळातली दुसरी बाजूही सांगतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात हांगचौच्या आशियाई स्पर्धेत एका देशाच्या दोनच तिरंदाजांना वैयक्तिक बाद फेरीत जाता येत होतं. भारताकडून ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा गेले आणि अंतिम सामनाही त्या दोघांतच झाला. शांघायचा विजेता प्रथमेश त्यात नव्हता. पण तिघांच्या सांघिक स्पर्धेत तो होता आणि त्या संघाने दक्षिण कोरियाला २३५-२३० ने हरवून सुवर्ण जिंकलं. म्हणजे यादीच्या कडेला राहण्याचा प्रसंग थेट आशियाई स्पर्धेपर्यंत येतो. तो आपल्या नववीतल्या मुलावर आला म्हणजे त्याच्यात काही कमी आहे असं होत नाही. मुलांना हे नावानिशी सांगा. आपल्या जिल्ह्यातलं नाव असलं की त्यांना ते लवकर पटतं.

आता अडचण अशी की खो-खो आणि कबड्डीत कागदावरचे गोल नसतात. तिथे मूल स्वतःला एकाच गोष्टीने मोजतं: नावात आहे की नाही. म्हणून माप आपल्याला करून द्यावं लागतं. खो-खोसाठी एक शंभर पानी वही पुरते. प्रत्येक मुलाचं एक पान. त्यावर तीनच गोष्टी: संरक्षण करताना किती सेकंद टिकला, पाठलाग करताना किती फाउल झाले, आणि खो मिळाल्यावर उठायला उशीर किती वेळा झाला. शनिवारी सकाळी, तेच पाठलाग करणारे गडी ठेवून, प्रत्येकाला तीन वेळा पळवा आणि तिन्हींची सरासरी लिहा. एकाच वेळेवर विसंबू नका, कारण एखाद्या वेळी पाठलाग करणाराच घसरतो. या आकड्यांची यादी फलकावर लावू नका. पान मुलाचं; त्याने स्वतःच्या मागच्या ओळीशी तुलना करायची. नऊ सेकंदांवरून चौदा सेकंदांवर आलेला मुलगा अजूनही संघात शेवटचाच असेल, पण त्याला ठाऊक असतं की आपण तिथेच नाही.

मोजायला लागलं की दोष कुठे आहे तेही उघडं पडतं. उठायला उशीर होणाऱ्या एखाद्या मुलीचं उदाहरण घ्या. सगळे म्हणतात, ‘ती मंद आहे.’ तिच्या शेजारी उकिडवं बसून पाहा. बहुतेक वेळा तिचं वजन टाचांवर असतं, हात गुडघ्यांवर असतात आणि नजर खो देणाऱ्या गड्याकडे मागे वळलेली असते. खो आला की तिला आधी मान वळवायची, मग पुढे झुकायचं, मग उठायचं, तीन कामं. तिला वजन चवड्यांवर घ्यायला सांगा, एक पाय किंचित पुढे, बोटांची टोकं जमिनीला नुसती टेकलेली, मान वर आणि नजर समोर पळणाऱ्यावर. खो डोळ्यांनी बघायचा नसतो, कानाने आणि पाठीने घ्यायचा असतो. मग डोळे मिटून बसवा आणि मागून कधी नुसती हाक द्या, कधी नुसता हात लावा, कधी दोन्ही. दोन्ही मिळाल्यावरच उठायचं. नुसत्या हाकेवर किंवा स्पर्शावर उठली तर फाउल. दिवसाला दहा मिनिटं, दोन आठवडे. एवढ्यात त्या पानावरचा उशिराचा आकडा खाली येतो, आणि तो खाली आलेला ती स्वतः वाचते. मैदानावर तिला ‘मंद’ म्हणणाऱ्यांना काही सांगावं लागत नाही.

कबड्डीत हेच करायचं तर चढाईत किती वेळा निदान रेषेला शिवून परत आला आणि पकडीत किती वेळा साखळी सुटली एवढं मोजा. धावण्यात घड्याळ आहेच.

ज्यावाचून अडेल असं काम

माप दिलं, आता काम. इथे दोन जुने प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

फ्रान्समध्ये मॅक्स रिंगेलमान नावाच्या शेतकी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये छापले गेले. एकटा माणूस जेवढा ओढतो, त्यापेक्षा गटात प्रत्येकाच्या वाट्याचा जोर कमी भरतो, आणि आठ जणांत तो निम्म्याच्या आसपास येतो. थोडं कारण म्हणजे सगळ्यांचा झटका एका वेळी बसत नाही, आणि थोडं म्हणजे गर्दीत कुणाचा जोर किती हे दिसत नाही. आपल्याकडे ‘सगळे मिळून मैदानाला दहा फेऱ्या’ असं सांगितलं की हेच होतं. कच्ची मुलं घोळक्याच्या शेपटाला लागतात, नवव्या फेरीत चालू लागतात, आणि कुणाचंच काही अडत नाही.

दुसरा प्रयोग बर्लिनचा. १९२० च्या दशकात ऑटो कोहलरने तिथल्या नौकानयन मंडळातल्या गड्यांना वजन उचलत राहायला लावलं, आधी एकेकट्याने, मग जोडीने एकच दांडी धरून. जोडीतला एक थकून थांबला की दुसऱ्यालाही थांबावं लागे. अशा वेळी जोडीतला दुबळा गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला, कारण त्याच्यावर दुसऱ्याचं अवलंबून होतं. सर्वांत जास्त फायदा कुठे दिसला? जिथे दोघांच्या ताकदीत मध्यम फरक होता तिथे. अगदी बरोबरीच्या जोडीत नाही आणि फार विजोड जोडीतही नाही.

यातून सरावाची आखणी थेट निघते. सर्वांत चांगल्या खेळाडूबरोबर सर्वांत कच्च्याची जोडी लावायची सवय आपल्याकडे फार आहे, ‘त्याच्याकडून शिकेल’ म्हणून. तसं करू नका. त्यात चांगला वैतागतो आणि कच्चा लाजतो. बाराव्याला नवव्याबरोबर ठेवा, दहाव्याला सातव्याबरोबर. मग असा खेळ द्या की जोडीचा वेळ म्हणजे मागून पोचणाऱ्याचा वेळ: दोघांनी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत दहा खेपा करायच्या आणि दुसरा पोचेल तेव्हा घड्याळ थांबवायचं. पंधरा दिवसांनी जोड्या बदला. कुणीही ओरडून न सांगता मुलं एकमेकांना ‘चल रे, दोन राहिल्या’ म्हणू लागतात.

सराव सामन्यात मुख्य नऊ एका बाजूला आणि उरलेले दुसऱ्या बाजूला, ही वाटणी तर सोडूनच द्या. ती कच्च्यांना रोज हरवते आणि पक्क्यांना फुकटचा विजय देते. दोन्ही बाजूंना मिसळून वाटा. संरक्षणाला तिघांची तुकडी उतरते; प्रत्येक तुकडीत एक कच्चा ठेवा. त्याला सगळं शिकवत बसू नका, एकच गोष्ट पक्की करून घ्या. एकेरी साखळीने पाटीवरून वळत राहायचं आणि हुलकावणीच्या मोहात पडायचं नाही, एवढंच जरी एखाद्याला नीट आलं तरी तो शेवटची मिनिटं रेटून नेण्याच्या कामाचा होतो. एखादी मुलगी पळायला बेताची असते पण खांबाजवळ तिचा सूर अचूक बसतो; तिला खांबाजवळच्या चौकात बसवा आणि तेवढंच घोटून घ्या. सगळ्यांत थोडं थोडं येणाऱ्या राखीव खेळाडूपेक्षा एका गोष्टीत भरवशाचा असलेला राखीव खेळाडू शिक्षकाला वेळेवर आठवतो.

मैदानाबाहेरची कामं द्यायला हरकत नाही, पण ती खरी असावीत. घड्याळ धरणं आणि प्रतिस्पर्धी संघाची नोंद करणं हे खरं काम आहे, जर मध्यंतरात तुम्ही ती नोंद वाचून काही बदलणार असाल तर. त्यांचा कोणता गडी नेहमी डावीकडे वळतो, तिसरी तुकडी किती वेळ टिकते, हे एका राखीव मुलाने लिहून आणलं आणि सरांनी सर्वांसमोर त्यावरून चौकांची मांडणी बदलली, तर तो मुलगा त्या सामन्यात खेळलाच. नोंद खिशात घालून विसरून गेलात तर पुढच्या वेळी तो मन लावून लिहिणार नाही. पाणी वाटायचं काम मात्र पाळीने, आणि त्या पाळीत कर्णधारही हवा.

सामन्यात कुणाला कधी उतरवायचं

शालेय स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीने होतात. एक हार झाली की वर्ष संपलं. त्यामुळे ‘सगळ्यांना खेळवा’ असा सोपा उपदेश मी करणार नाही. शिक्षकावर शाळेचं, पालकांचं आणि मुलांचंही दडपण असतं. दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे वाढीव गुण स्पर्धेच्या पातळीवर आणि कामगिरीवर ठरतात, त्यामुळे मुख्य खेळाडूंचंही काही पणाला लागलेलं असतं. पण एक चूक टाळता येते. सामना हातातून गेल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत राखीव मुलाला ‘जा, तूही खेळून घे’ म्हणून उतरवणं. त्याला पराभवात ढकललेलं असतं आणि घरी जाऊन तो तेवढंच सांगू शकतो. उतरवायचं तर डाव आपल्या बाजूला असताना, आणि त्याला आधी सांगून: ‘दुसऱ्या डावात तिसऱ्या तुकडीत तू आहेस.’ आदल्या दिवशी कळलं की तो रात्रभर त्याचा विचार करतो, आणि तो विचारही सरावच असतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या फळीचे स्वतंत्र सामने. शेजारच्या शाळेच्या सरांना फोन करा आणि ‘तुमचे राखीव, आमचे राखीव’ असा सामना ठरवा. चिखलीच्या शाळेला मेहकरच्या, शेगावच्या शाळेला खामगावच्या शाळेबरोबर हे सहज जमण्यासारखं आहे. त्याला मंजुरी, करंडक, पाहुणे काही लागत नाही. मैदान, चुना आणि शिट्टी लागते. वर्षातून असे चार-पाच सामने झाले तर प्रत्येक कच्च्या मुलाच्या गाठीला पूर्ण डाव खेळल्याचा अनुभव जमा होतो. मुख्य नऊ जणांनी त्या दिवशी पाणी आणि घड्याळ सांभाळावं. मला तर हा दिवस तालुक्याच्या अंतिम सामन्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

बोलायचं कसं

‘सर, मले कधी खेळवसान?’ हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने ऐकला असेल. त्याला ‘बघू’ हे उत्तर देऊ नका. खरं उत्तर द्या, आणि त्यात पुढचं पाऊल असू द्या: ‘या आठवड्यात नाही. तुझे फाउल अजून सहा होतात, दोनवर आण, मग तिसऱ्या तुकडीत घेतो.’ आणि दोनवर आणले की घ्या. हा शब्द एकदा मोडला की वहीतल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

शाबासकी देतानाही भान हवं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षकांच्या ओळखीचा असेल. कोडी सोडवल्यावर ज्यांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, त्यांनी पुढे अवघड कोड्यांपासून अंग चोरलं आणि अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली. ज्यांना ‘मेहनत घेतलीस’ म्हटलं, ती भिडत राहिली. मात्र नुसतं ‘मेहनत चांगली आहे हो’ हेही पोकळ ठरतं. काय बदललं ते नाव घेऊन सांगा: ‘आज वळताना तू पाटीवर पाय नीट रोवलास.’ आणि टोपणनावं बंद करा. ‘ढेपाळ्या’, ‘कासव’ ही नावं सरांच्या तोंडून एकदा आली की ती शाळा संपेपर्यंत चिकटतात.

मुलींच्या पालकांशी एक बोलणं वेगळं करावं लागतं. त्यांची काळजी बहुधा खेळाबद्दल नसते, अंधार पडण्याआधी लेक घरी येण्याबद्दल असते. सराव किती वाजता संपतो, गाडीपर्यंत तिच्याबरोबर कोण असतं, स्पर्धेच्या गावी बाई सोबत आहेत का, हे तुम्ही आपणहून सांगितलंत तर राखीव खेळाडू असलेल्या मुलीलाही घरचे पाठवतात. नाही सांगितलं तर ‘खेळवत तर नाहीत, मग कशाला जातेस?’ या एका वाक्यावर तिचा सराव थांबतो.

पालकांसाठी दोन शब्द. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण त्यासाठी लागणारी कामगिरी फार वरची असते. तुमचं मूल तिथवर जाईल की नाही हे तेराव्या वर्षी कुणीच सांगू शकत नाही. सामना झाल्यावर ‘खेळवलं का?’ हा पहिला प्रश्न विचारू नका. ‘वहीत आज काय लिहिलं?’ असं विचारा. आणि सोंगणीच्या दिवसांत शेतात न्यावंच लागलं तर सरांना आदल्या दिवशी कळवा. न सांगता गैरहजर राहिलेल्या राखीव खेळाडूचं नाव सगळ्यांत आधी गळतं.

आता तुझ्यासाठी. तू यादीत शेवटचा असशील, किंवा यादीत नसशीलही. सरांकडे जा आणि एकच विचार: ‘मला नेमकं काय आलं की तुम्ही मला घ्याल?’ उत्तर वहीत लिही. सरांनी वही सुरू केली नसेल तर तू स्वतःची कर. मित्राला मोबाइलवर सेकंद मोजायला सांग. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही संघ जिंकले. त्यांचे सामने पाहायला मिळतील. तिथले नियम तुझ्या शालेय सामन्यापेक्षा थोडे वेगळे आहेत, पण बसणं, उठणं आणि खो घेणं तेच आहे. पाहताना पळणाऱ्याच्या मागे नजर नेऊ नकोस. बसलेल्यांपैकी एकच खेळाडू निवड आणि पूर्ण डाव फक्त त्याच्याकडे पाहा: त्याचे चवडे, त्याचे हात, तो कधी सावरून बसतो. मग दुसऱ्या दिवशी तसं बसून बघ.

आणि शिक्षकांना शेवटचं. चौदा वर्षांखालच्या गटातून सतराच्या गटात जाताना सर्वांत जास्त मुलं सुटतात. आठवीत राखीव असलेली मुलगी नववीत आपणहून मैदानावर येत नाही, कारण आता तिच्यापुढे दहावीच्या मोठ्या मुली असतात. एप्रिलमध्ये परीक्षा संपली की वही कपाटात ठेवा, फेकू नका. जूनमध्ये शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात ती काढा, प्रत्येक राखीव मुलाला वर्गात जाऊन त्याचं पान दाखवा, आणि सरावाची वेळ व त्याच्या गाडीची वेळ समोरासमोर बसून जुळवून घ्या. उंचीच्या भिंतीवर त्याला त्याच दिवशी उभं करा.